थुरिंगियाच्या गव्हात हॅमस्टर

जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनहून सकाळी निघालो तेव्हा माझी सून केतकी खिडकीला चिकटून बसली होती. आगगाडीने ऱ्हाईन ओलांडली, मानहाइम मागे पडलं, तरी तिच्या कॉफीच्या कपाचं झाकण बंदच. शेवटी म्हणाली, "आई, मी लांबून बघेन. चालेल ना?"

"अगं, तिथे मोटारीतच बसून राहिलीस तरी चालेल," मी म्हटलं.

केतकीला उंदरांची भीती वाटते. लहानपणी पिंपरीच्या घरी झोपेत तिच्या पांघरुणात उंदीर शिरला होता, तेव्हापासूनची. खरं तर माझा मुलगा अमेय माझ्याबरोबर येणार होता, पण आयत्या वेळी कारखान्यात अडकला. मला जर्मन येत नाही. "मग मीच येते," असं केतकी म्हणाली आणि त्या क्षणापासून पस्तावली.

जायचं होतं थुरिंगिया प्रांतात, फेल्डहाम्स्टर (शेतातला रानटी हॅमस्टर) पाहायला. सांगलीच्या कॉलेजात निवृत्त होईपर्यंत मी प्राणिशास्त्र शिकवलं. आपल्याकडचे उंदीर आणि घुशी एका कुळातल्या. हॅमस्टर, व्होल, लेमिंग आणि मस्करॅट ही मंडळी दुसऱ्या कुळातली, क्रायसेटिडी. भारतात हे कुळ भेटतं ते हिमालयात, लडाखच्या बाजूला. त्यामुळे वर्षानुवर्षं मी ते फळ्यावर काढलं, पण जिवंत एकही पाहिलं नाही. जर्मनीला आल्यावर अमेय राजवाडे दाखवायला निघाला, तेव्हा मी हॅमस्टर मागितला.

आमची गाडी उशिरा पोचली आणि पुढची चुकली. एका लहानशा गावात थांबावं लागलं. स्टेशनसमोरच्या खानावळीत क्लोसे (बटाट्याचे उकडलेले मोठे गोळे) आणि आंबटगोड लाल कोबी मिळाला. सोबत मांसाचा रस्सा देतात; तो नको म्हटल्यावर वाढणाऱ्या बाईंनी दयेने दुप्पट कोबी वाढला. जेवून ओढ्याकाठच्या बाकावर बसलो, तोच केतकीने माझा दंड घट्ट धरला.

"आई, पाण्यात केवढी घूस!"

तपकिरी, दाट केसांचा प्राणी संथपणे पोहत होता. बाकावर आधीपासून बसलेले आजोबा म्हणाले, "बिझाम. किंवा नुट्रिया. मला कधीच कळत नाही."

"त्यांना सांग, शेपूट बघा म्हणावं," मी केतकीला म्हटलं. "नुट्रियाची गोल असते, उंदरासारखी. ही दोन्ही बाजूंनी चपटी आहे, सुकाणूसारखी हलतेय. म्हणजे बिझाम. मस्करॅट!"

केतकीने भाषांतर केलं. आजोबा वाकून बघत राहिले आणि मग आनंदाने ओरडले, "गेनाऊ!" (अगदी बरोबर!) अमेरिकेतून मऊ केसाळ कातडीसाठी आणलेला हा प्राणी इथे मोकळा सुटला आणि स्थिरावला. माझ्या आयुष्यातला पहिला जिवंत क्रायसेटिड असा गाडी चुकल्यामुळे दिसला.

पुढच्या गावी लिंडनरबाई मोटार घेऊन थांबल्या होत्या. उंच, उन्हाने रापलेल्या, पायात गुडघ्यापर्यंत बूट. पिंजऱ्यात जन्मलेले हॅमस्टर शेतात सोडणाऱ्या गटाच्या त्या प्रमुख. एकेकाळी इथे हॅमस्टर इतके होते, की शेतकरी त्यांना मारत आणि त्यांच्या कातडीचे कोट होत. आता शोधावे लागतात. म्हणून काही शेतकरी गव्हाचा एक पट्टा न कापता त्यांच्यासाठी ठेवतात.

जूनची संध्याकाळ होती. लांबवर गहू हलत होता, मध्ये मध्ये खसखशीची लाल फुलं. बांधावरच्या गवतात मला बोटभर रुंदीच्या वाटा दिसल्या, कुरतडलेल्या काड्यांनी भरलेल्या. मी चक्क जमिनीवर बसले. थोड्या वेळाने एक फेल्डमाउस (शेतातला व्होल) त्या वाटेवरून तुरुतुरु गेला. बोथट नाक, केसात दडलेले कान, आखूड शेपूट. "दिसला!" मी ओरडले. केतकी तोवर मोटारीत बसून काचा वर करत होती.

हॅमस्टर खोक्यांतून आणले होते. जमिनीत तिरकी बिळं आधीच पाडलेली. एका बिळात एक प्राणी, कारण हे एकलकोंडे. लिंडनरबाई पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला गेल्या. शेवटचं खोकं माझ्याकडे होतं. ते उचलून निघाले आणि ढेकळावर पाय मुरगळला. खाली बसले ती उठताच येईना.

मोटारीचं दार उघडलं. केतकी आली, माझ्या घोट्याकडे बघितलं, मग खोक्याकडे.

"आल्झो..." (तर मग) म्हणून तिने दीर्घ श्वास घेतला. "कुठल्या बिळात?"

तिने हात लांब ठेवून खोकं नेलं आणि बिळाच्या तोंडाशी उघडलं. खोक्यातली हॅमस्टरची मादी बाहेर आली, पण बिळात जाईना. मोकळ्या मातीवर मागच्या पायांवर उभी राहिली, गाल फुगवले, दात करकरवले. तांबूस पाठ, गालांवर पांढरे ठिपके आणि कोळशासारखं काळं पोट. एवढासा जीव केतकीला दम देत होता! आणि तेवढ्यात जमिनीवरून एक सावली सरकली. वर घार होती, दुभंगलेल्या शेपटीची.

"केतकी, वर बघ!"

मला वाटलं ती पळेल. तिने जॅकेटची चेन उघडली, दोन्ही बाजू पंखांसारख्या पसरल्या आणि त्या मादीच्या अगदी वर, पाय फाकून उभी राहिली. "हाड्! जा तिकडे! हाड्!" थुरिंगियाच्या शेतात पिंपरीची आरोळी घुमली. घार खाली आली, डगमगली आणि वळून निघून गेली.

मादीने केतकीचा बूट हुंगला, त्यावर एक पाय ठेवला. केतकीने डोळे मिटून घेतले, पण हलली नाही. मग मादी पाय काढून शांतपणे बिळात शिरली. लिंडनरबाई धापा टाकत आल्या, बिळात धान्य टाकलं आणि केतकीला मिठी मारली. केतकी हसत होती, रडतही होती.

परतीच्या गाडीत तिने अमेयला फोन लावला. "अरे, तिने माझ्या बुटावर पाय ठेवला!" तो काही बोलायच्या आत पुन्हा तेच सांगितलं. माझा घोटा सुजून टम्म झाला होता, आणि मी इतकी खूश याआधी कधी होते ते मला आठवेना.

मी सांगलीला परतले. हिवाळा गेला आणि एप्रिलमध्ये केतकीचा व्हिडिओ कॉल आला. ती एकटीच थुरिंगियाला गेली होती, त्याच पट्ट्यात गुडघे टेकून बसली होती. तिने जमिनीतलं एक गोल भोक दाखवलं.

"आई, कडेला मातीचा ढीग नाहीये. बाहेरून खणलं असतं तर माती इथेच पडली असती. म्हणजे आतून उघडलंय. हिवाळाभर झोपून कुणीतरी बाहेर आलंय. तीच असेल ना?"

हॅमस्टरचं तोकडं आयुष्य, कोल्हे, थंडी, आजूबाजूच्या बिळांतले इतर हॅमस्टर हे सगळं मला ठाऊक होतं. शिक्षिका म्हणून मी काय उत्तर द्यायला हवं होतं, तेही. पण कोवळ्या गव्हात ओणवी होऊन, गाल जमिनीला टेकवून ती त्या अंधाऱ्या भोकात डोकावत होती.

"तीच असणार," मी म्हटलं.