सुताराच्या जागी भिंत

मी जळगावला फोटो दुरुस्तीचं काम करते. फाटलेले, बुरशी लागलेले, अल्बमला चिकटून बसलेले फोटो संगणकावर नीट करून देते. दोन वर्षांपूर्वी धुळ्याच्या एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष माझ्याकडे आले. शाळेला पन्नास वर्षं होत होती. त्यांनी शाळेच्या पहिल्या दिवसाचा ब्लॅक-अँड-व्हाइट फोटो पुढे ठेवला. कौलारू खोलीसमोर सात जण उभे होते.

"यात माझे वडील बसवायचे," ते म्हणाले. "त्या दिवशी आजारी होते, म्हणून राहून गेले. आणि हा कडेचा काढून टाका. संस्थेचा नाही तो, मजूर होता कुणीतरी."

दारातून परत वळून म्हणाले, "ताई, बठ्ठं जुनं दिखाले जोयजे!" म्हणजे सगळं जुनं दिसायला हवं.

त्या मजुराच्या हातात रंधा होता, म्हणजे तो सुतार होता. हे मला दिसलं होतं. तरी मी काम घेतलं.

माणूस पुसणं सोपं असतं. त्याच्या जागी मी भिंत ओढली. पण ती भिंत गुळगुळीत आली, आणि अध्यक्षांच्या वडिलांचा चेहरा तर नंतरच्या रंगीत फोटोतला, प्लास्टिकसारखा. जुन्या फिल्मच्या फोटोला बारीक दाणे असतात, ग्रेन म्हणतात त्याला. सॉफ्टवेअरचं तयार ग्रेन टाकलं की चेहऱ्यावर रवा भुरभुरल्यासारखं दिसतं. खरा दाणा सगळीकडे सारखा नसतो. करड्या भागात उठून दिसतो, पांढऱ्यात विरतो, मध्येच गुठळी धरतो. मी तीन दिवस खपून तो तसाच उतरवला. शेवटी जोड कुठे आहे ते मलाच सापडेना. लाज वाटते सांगायला, पण त्या दिवशी मी खूश होते.

कार्यक्रमाला मला बोलावणं होतं. सभागृहाच्या दाराशी तो फोटो भलामोठा करून लावला होता. साठीच्या आसपासची एक बाई त्याच्यासमोर उभी राहून डाव्या कडेवर बोट फिरवत होती.

"इथं माझे अब्बा होते," ती म्हणाली. "शाळेचे सगळे बाक त्यांनी केले. रंधा हातात धरूनच उभे राहिले होते. मी समोर बसून बघत होते."

अध्यक्ष हसत पुढे झाले. "अक्का, तो दुसरा फोटो असेल. हा ओरिजिनल आहे. हे दाणे बघा ना! आजच्या फोटोला असे दाणे येतात का?"

माझ्या तोंडात पेढा होता. तो गिळवेना. मी मागे नळावर जाऊन तो थुंकून टाकला आणि चूळ भरत राहिले. त्या माणसाची किळस आलीच, पण ते दाणे माझे होते. परत आले तेव्हा ती बाई मान खाली घालून शेवटच्या रांगेत बसली होती. मी तिच्याजवळ गेले नाही.

शाळेच्या शिपायाकडून पत्ता घेऊन चार दिवसांनी मी मूळ फोटोची प्रत तिच्या घरी नेली. तिनं ती उजेडात धरली. डाव्या कडेवर बोट ठेवलं.

"मला वाटलं, माझंच डोकं फिरलं. घरीही सगळे तेच म्हणाले." मग माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "पण काढलं कुणी त्यांना?"

"मी."

"का?"

अध्यक्षांनी सांगितलं म्हणून, असं काहीतरी मी पुटपुटले. तिनं फोटो ओढणीखाली धरला. मला बस म्हणाली नाही.

पुढचं सगळं तिनंच केलं. फोटो घेऊन ती मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर जाऊन बसली आणि उठेना. महिन्याभरात मोठा फोटो उतरला, तिचा लागला. वडिलांवर अध्यक्षांचा खूप जीव होता, असं मला नंतर कुणीतरी सांगितलं. असेल. त्यांचा मला फोन आला, "ताई, तुम्ही धंद्याला लायक नाही."

आताही लग्न ठरलेली पोरं येतात, फोटोला जुना लूक द्या म्हणतात. त्यात कुणाचं वाईट होत नाही, हे मला कळतं. तरी पडद्यावर दाणे उमटायला लागले की मी फाइल बंद करते आणि त्यांना दुसऱ्या दुकानाचा पत्ता देते.