वहिनीचा स्थिर आकार

आमच्या वहिनीच्या वाटेला जायचं नाही, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही कळतं. लॉजवाल्याला कळलं नाही, त्याला मी काय करू?

भाऊ गेल्यापासून आम्ही दोघी नणंद-भावजय पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल मांडून पोट भरतो. वहिनी इस्त्री फिरवते, मी पाणी शिंपडते आणि घड्या घालते. गल्लीतले शर्ट-पँट चहापाण्यापुरते. घर चालायचं ते शेजारच्या लॉजच्या चादरींवर.

मग लॉजवाल्यानं गच्चीभर सोलर पॅनेल बसवले आणि चादरींना इस्त्री करायचं भलंमोठं मशीन आणलं. चादरी बंद. वहिनी विचारायला गेली, तर खुर्चीतून न उठता म्हणतो कसा, "ताई, सूर्य फुकट आहे. तुम्हाला कशाला पैसे मोजू?" आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला मेला.

वहिनी पदर खोचून घरी आली. तिनं पदर खोचला की मला धडकी भरते.

त्यावर कडी म्हणजे आमचं विजेचं बिल. काम निम्म्यावर आलेलं, इस्त्री अर्धा दिवस थंड, तरी बिल वाढलेलं! 'स्थिर आकार' म्हणून एक ओळ असते, ती फुगून बसली होती. आम्ही तडक वीज कार्यालयात गेलो. खिडकीतला कारकून बिचारा बरा होता.

"बाई, तुम्ही वीज वापरा नाहीतर वापरू नका," तो म्हणाला, "खांब, तारा, डीपी तुमच्यासाठी तयार ठेवावेच लागतात. त्याचा खर्च सगळ्या ग्राहकांत वाटायचा. आधी मोठे धंदेवाले भरपूर वीज घ्यायचे, त्यातून बराचसा निघायचा. आता ते दिवसा स्वतःची बनवतात. आकार त्यांनाही आहे, पण पुरत नाही. उरलेला बोजा घरगुती लोकांवर आला."

"आणि अंधार पडला की लॉजची ती पाटी कशावर लुकलुकते? आमच्याच दारातल्या खांबावर ना?" मी तणतणले.

"नियम वर ठरतात, बाई. मी फक्त खिडकीत बसतो."

घरी येताना वहिनी एवढंच म्हणाली, "म्हणजे चादरी त्यानं न्यायच्या, आणि त्याच्या तारांचा खर्चही आपणच भरायचा." तिनं डोळे असे बारीक केले होते की मी दोन पावलं मागूनच चालले.

दुसऱ्या दिवसापासून वहिनीला पाखरांचा भलताच पुळका आला. डब्याच्या तळाचे किडके तांदूळ घेऊन गच्चीवर जायची आणि "या गं बायांनो, या" करून कबुतरांना बोलवायची. आमची गच्ची लॉजच्या गच्चीला लागून. कबुतरं जेवायची आमच्याकडे आणि पोटं जड झाली की बसायची लॉजच्या पॅनेलवर. बसली की जे करायचं ते मनसोक्त करायची.

लॉजवाल्यानं माणूस लावून पॅनेल धुऊन घेतले. दुपारपर्यंत पुन्हा पांढरे. त्यानं बुजगावणं उभं केलं, तर कबुतरं त्याच्या डोक्यावर बसली. मी तर हसून हसून बेजार. पाप लागेल म्हणाल, तर लागू दे!

ते मशीन म्हणजे नुसतं वीजखाऊ. उन्हाची वीज कमी पडली की तारेवरची ओढायचं, तीही धंद्याच्या दरानं. बिल हातात पडलं आणि लॉजवाला चादरींचं गाठोडं घेऊन स्वतः आमच्या दारात आला.

"ताई, तुमच्या कबुतरांनी जीव नकोसा केलाय."

"माझी कुठली? आभाळातली आहेत. फुकट आहेत."

मी उशीचा अभ्रा तोंडावर धरला.

"बरं, चादरी पहिल्यासारख्या घ्या. दाणे तेवढे आवरा."

वहिनीनं हातातला शर्ट सावकाश पुरा केला. लॉजवाल्याला तसंच उभं ठेवलं. मग म्हणाली, "चादरींचा दर पूर्वीचाच. वर दरमहा स्थिर आकार."

"कसला आकार?"

"तुम्ही चादरी पाठवा नाहीतर पाठवू नका, हे टेबल, ही इस्त्री, आम्ही दोघी तुमच्यासाठी तयार असतो. तो खर्च काय गल्लीतल्या शर्टांवर टाकू?"

"अहो, हा कुठला न्याय?"

"नियम वर ठरतात, भाऊ," म्हणत वहिनीनं गच्चीकडे बोट दाखवलं. "मी फक्त इस्त्री फिरवते."

त्यानं गाठोडं टेबलावर ठेवलं आणि खिशात हात घातला.

बिलावरची ती ओळ काही कमी झालेली नाही. पण आता ती दर महिन्याला त्याच्या पैशांतून भरली जाते, आणि भरून येताना वहिनी लॉजसमोरून मुद्दाम हळू चालते.

परवा गच्चीवर गेले, तर वहिनीच्या हातात तांदूळ. थोडेच, पण होते.

"अगं वहिनी, आता कशाला? देतोय ना तो?"

"पैसे देतोय, वन्सं. पण तो हसला होता."

मी तिच्या मुठीतले अर्धे घेतले आणि कबुतरांपुढे टाकले.