तळव्यावरची टिचकी

इस्लामपूरहून सांगलीला जाणाऱ्या एस.टी.त ती माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर वर्षाचं पोर. गाडीच्या हिंदकळण्यानं त्याचे डोळे मिटू लागले, की ती त्याच्या तळव्याला टिचकी मारायची आणि पोर किंचाळायचं. शेवटी मी वैतागून म्हटलं, "अगं, झोपू दे की त्याला!"

"झोपलं की श्वास घ्यायचं इसरतंय, बाई. रडतंय तवर भ्या न्हाई."

सांगलीच्या डॉक्टरांना दाखवायला निघाली होती. घरी ती आणि नवरा आळीपाळीनं जागायचे. "आष्टा येईस्तवर मी जरा डोळं मिटते. तुमी माराल टिचकी?"

पोर माझ्याकडे देऊन ती लगेच झोपली. त्याचा इवलासा पाय हातात धरून मी नुसती त्याच्या छातीकडे बघत होते. एकदा छाती हललीच नाही. मी टिचकी मारली. काही नाही. पुन्हा जोरात मारली, तेव्हा त्यानं टाहो फोडला, आणि त्याची आई झोपेतच हसली.

घरी आले तर माझी मुलगी पाळण्यात गाढ झोपलेली. "उठवू नकोस गं," सासूबाई म्हणाल्या, तोवर मी टिचकी मारली होती.