नसलेल्या माईचा हेवा

वर्ध्याच्या एका शाळेत मी गणित शिकवायचे. निवृत्त होण्याच्या आधीपासून दर रविवारी मुलींच्या एका बालगृहातही शिकवायला जात असे. तिथल्या मुली मला 'रविवारच्या मॅडम' म्हणायच्या. हे काम मी आवडीनं करत होते, आणि आपण ते करतो याचं मला मनातून कौतुकही होतं. हे आधीच सांगून टाकते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

त्या मुलींपैकी एक अठरा वर्षांची झाली. ती सात वर्षांची असताना तिथे आली होती. आई-वडील कोण, हे तिच्या फायलीतही धड नव्हतं. अठरा पूर्ण झाले की बालगृह, मुलींच्या भाषेत 'होम', सोडावं लागतं. मोठ्या मुलींसाठी वेगळं सरकारी वसतिगृह असतं, पण ते दुसऱ्या जिल्ह्यात होतं आणि तिला आता कुठल्याच गृहात राहायचं नव्हतं. बारावी झाली होती. बाजारातल्या एका चष्म्याच्या दुकानात तिला काम मिळालं. बालगृहाच्या अधीक्षिकाबाई मला म्हणाल्या, "तुम्ही तेवढं लक्ष ठेवा तिच्याकडे. तुमचं ती ऐकते."

बोरगाव मेघेला मी तिच्यासाठी खोली शोधली. घरमालकीण साठीच्या आसपासची होती. त्यांचं गावाला लागून भाजीचं वावर होतं, आणि कधीही गेलं तरी ती अंगणात पालकाच्या नाहीतर सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसलेली दिसायची. खोली ठरवताना मी "माझी विद्यार्थिनी आहे" एवढंच सांगितलं, कारण आदल्या दिवशी मुलीनं मला बजावलं होतं.

"मॅडम, मी होममधली आहो हे कोनाले सांगू नका."

"यात लाजण्यासारखं काय आहे?"

"लाज नाई. पन मंग लोक आपल्याकडे तसेच पाहतात. शाळेत पाह्यलं ना मी."

नाही सांगणार, म्हटलं मी. अगदी सहज म्हटलं.

पहिले काही आठवडे ती छोट्या छोट्या गोष्टींना घाबरायची. तिच्या हातात कधी किल्ली आली नव्हती. कुलूप लावून ती चार पावलं जायची आणि परत येऊन ओढून बघायची. स्वयंपाक तिला उत्तम यायचा, पण साठ माणसांचा. पहिल्या दिवशी तिनं एकटीसाठी भात टाकला तो पातेलं भरून वर आला. शेवटी तिनं तो घरमालकिणीकडे नेऊन दिला, आणि तिथूनच दोघींची ओळख वाढली. गॅसचं पुस्तक, आधारवरचा पत्ता, बँकेचं खातं, या सगळ्यासाठी मी तिच्याबरोबर रांगांमध्ये उभी राहिले. दुकान सुटलं की ती मला फोन करायची आणि विचारायची, "मॅडम, बाजारात जाऊन येऊ का?" होममध्ये गेटाबाहेर पडायला परवानगी लागायची, ती सवय गेली नव्हती. मी म्हणायचे, "अगं, मला काय विचारतेस, जा की." पण तिनं विचारलेलं मला आवडायचं. एखाद्या दिवशी फोन आला नाही तर मीच करायचे.

पुढे ते विचारणं बंद झालं. ती स्वतःच्या मनानं जाऊ-येऊ लागली, नेमकं जे व्हायला हवं होतं ते. अधीक्षिकाबाईंना मी अभिमानानं सांगितलंही. मात्र घरी संध्याकाळी फोन शांत पडून असायचा आणि मला कोणीतरी माझं काही काढून नेल्यासारखं वाटायचं.

एका दुपारी मी तिच्या खोलीवर गेले. ती दुकानातून यायची होती. घरमालकिणीनं मला अंगणात बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि मेथी निवडत बोलत बसली.

"तुमची विद्यार्थीन मोठी गुनाची हाये मॅडम. खोली अशी ठेवते का पाहत राहावं. खाली पाहून बोलते, मोठ्याचा मान ठेवते. मी तं आमच्या सुनेले सांगतो, पाह्य, माय असावी तं हिच्या मायसारखी. वळन लावलं पोरीले."

मी विचारलं, "तिची आई?"

"वडनेरले राह्यते न. तुमाले नाई सांगतलं? गुडघे दुखतात म्हने तिचे, म्हनून येनं नाई होत. लहानपनी खोटं बोललं तं माय जेवाले नाई द्याची, अशी कडक. पोरगी आठवन काढून सांगते तं डोये भरून येतात."

मुलीनं स्वतःसाठी एक आई रचून घेतली होती. वडनेर हे नाव तिनं कुठल्या तरी एसटीच्या पाटीवर वाचलं असेल. दुखणारे गुडघे माझे होते, मला बाम लावून देताना तिनं ते पाहिले होते. खोटं बोललं तर जेवायला न देणं ही होममधल्या जुन्या काळजीवाहिकेची शिक्षा होती. असं इथून तिथून गोळा करून तिनं एक माय उभी केली होती, आणि समोरची बाई त्या मायचं तोंड भरून कौतुक करत होती.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी पुष्कळ दिवस स्वतःलाही सांगितलं नाही. मला हेवा वाटला. भागाकार मी शिकवला, फॉर्म मी भरले, रांगेत मी उभी राहिले, आणि वळण लावल्याचं श्रेय वडनेरच्या कुणा बाईला. ती बाई जगातच नाही हे ठाऊक असूनही हेवा वाटला.

"तिला आई नाही हो," मी म्हटलं. "बालगृहातली मुलगी आहे ती. लहानपणापासून तिला मीच बघते आहे."

घरमालकिणीचा हात थांबला. "असं का," एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडू लागली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मंग जात कोनती म्हनाची तिची?"

मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. "तिला म्हणू नका मी सांगितलं ते," असं म्हणून मी उठले. मुलगी यायच्या आधीच निघून आले.

घरमालकीण वाईट नव्हती. तिनं मुलीला घालूनपाडून काही म्हटलं नाही. उलट ती जास्तच मऊ बोलू लागली, जुनी साडी देऊ लागली, उरलेलं वरण पाठवू लागली. गल्लीतल्या बायका निमित्त काढून येऊन तिला बघून गेल्या. महालक्ष्म्यांच्या सणाला घरमालकिणीनं तिला आधी महिनाभर बजावून ठेवलं होतं, सोळा भाज्या चिरायला, पुरणाला तूच पाहिजेस म्हणून. त्या दिवशी सकाळी ती नवा ड्रेस घालून स्वयंपाकघराच्या दाराशी गेली, तर घरमालकीण म्हणाली, "तू आता कायले येतं बेटा, थकून राह्यली असशीन. प्रसादाले येजो." ती खोलीत परत जाऊन बसली. प्रसादाचं ताट खोलीवर आलं.

हे तिनं मला दोन दिवसांनी सांगितलं, माझ्या घरी येऊन. सोफ्याच्या टोकावर बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. रडत नव्हती.

"त्याहीले माईत पडलं मॅडम."

"काय?"

"मी होमची आहो ते. कोनी सांगतलं असन?"

मी स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेले. तिथूनच म्हटलं, "कुठून तरी कळलं असेल. गाव लहान आहे."

"तुमी नाई ना सांगतलं?"

"मी कशाला सांगेन?"

छत्तीस वर्षं मी वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलांना उभं केलं होतं. माझा आवाज जराही हलला नाही. चहा घेऊन बाहेर आले तेव्हा ती माझ्याकडे बघत होती.

"मंग होमच्या मोठ्या मॅडमनंच सांगतलं असन," ती म्हणाली. "एक डाव त्या आल्या होत्या खोली पाहाले."

अधीक्षिकाबाई बिचाऱ्या दोन मिनिटं येऊन गेल्या होत्या, घरमालकीण तेव्हा वावरात होती. हे मला ठाऊक होतं. मी कपात साखर ढवळत राहिले.

तिनं चहा पूर्ण प्यायला, कप विसळून ठेवला आणि गेली. पंधरा दिवसांनी तिनं खोली सोडली. दुकानमालकाची हिंगणघाटला दुसरी शाखा होती, तिथे बदली मागून घेतली. मला ते अधीक्षिकाबाईंकडून कळलं. माझे फोन ती उचलायची, "बरी आहो मॅडम, गिऱ्हाईक हाये," म्हणून ठेवून द्यायची.

मी स्वतःला बरंच काही समजावलं. खोट्याच्या पायावर काही टिकत नाही, आज ना उद्या कळलंच असतं, असलं शाळेतलं बोलणं. ते मला पुरलं नाही. रविवारी होममध्ये गेले की अधीक्षिकाबाई हसून चहा मागवायच्या, आणि मला त्यांच्याकडे सरळ बघता यायचं नाही.

चार-पाच महिन्यांनी एकदा मी हिंगणघाटला गेले. दुकानात ती एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला चष्मा लावून देत होती. "दूर पाहा बाबा, त्या पाटीवरचं वाचता येते का," असं म्हणत तिनं त्याच्या कानामागची काडी हलक्या हातानं वाकवली. मला बघून ती दचकली नाही. जेवणाच्या सुट्टीत आम्ही शेजारच्या चहाच्या टपरीवर बसलो. वाटेत मी वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरले.

"मीच सांगितलं होतं," मी म्हटलं. "तुझ्या घरमालकिणीला. आणि तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले."

"मले माईत हाये."

"कधी कळलं?"

"प्रसादाचं ताट आनलं ना घरमालकीन मावशीनं, तवाच इचारलं मी. त्या म्हने, तुह्या मॅडमनं सांगतलं." तिनं कप दोन्ही हातांत फिरवला. "मी तुमच्या घरी आली तवा मले सगळं माईत होतं. तुमी काय म्हनता ते पाहाले आली होती."

मला तिच्याकडे बघवेना.

"तुमी नाई म्हनल्या, तं म्हटलं ठीक हाये, भेल्या असतीन. माणूस भेते. म्हनून मंग मी मोठ्या मॅडमचं नाव घेतलं. म्हटलं, दुसऱ्यावर आलं तं सांगतीन आता." तिनं कप बाकावर ठेवला. "तुमी साखर ढवळून राह्यल्या होत्या."

तिच्या आवाजात राग असता तर मला बरं झालं असतं. ती हिशोब तपासून पाहिल्यासारखं बोलत होती. मी माफ कर म्हटलं. तिनं मान हलवली, ती होकाराची होती की नुसती ऐकल्याची, मला कळलं नाही.

"काऊन सांगतलं पन?" तिनं विचारलं.

आता खोटं बोलायची सोय नव्हती. "ती बाई तुझ्या आईचं कौतुक करत होती," मी म्हटलं. "मला ते सहन झालं नाही."

ती म्हणाली, "त्या मायले तं मीच बनवलं होतं मॅडम." आणि खाली बघून चहा संपवला.

उठताना तिनं पर्समधून एक कागद काढला. नव्या खोलीचा भाडेकरार होता. ओळखीच्या एका माणसाची सही, पत्ता आणि फोन नंबर लागत होता. ती तो कागद किती दिवस पर्समध्ये घेऊन फिरत होती, मी विचारलं नाही. दुकानमालकाला मागायचं नव्हतं, होमचा पत्ता लिहायचा नव्हता, आणि त्या पलीकडे तिच्याकडे माझ्याशिवाय कुणी नव्हतं. जिनं दगा दिला तिच्याकडेच सही मागावी लागते, एवढी तिची माणसं थोडी होती. हे मला त्या टपरीवर, हातात पेन धरून कळलं.

मी नाव, पत्ता लिहिला. पुढे 'भाडेकरूशी नाते' असा रकाना होता. मी पेन थांबवलं.

"इथे काय लिहू?"

तिनं कागदावर वाकून पाहिलं. "ओळखीच्या, असं लिहा," ती म्हणाली.

मी तसं लिहिलं. तिनं शाई वाळेपर्यंत कागद हवेत धरला, नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि दुकानात गेली. मी बसस्टँडवर जाऊन वर्ध्याच्या गाडीत बसले.

त्यानंतर अधीक्षिकाबाईंनी मला अठराची होणारी दुसरी मुलगी सोपवायची म्हणून विचारलं. "तुमच्याइतकं कोण करतं," असं म्हणाल्या. मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. त्यांना खरं अजून सांगितलेलं नाही.