टर्बोच्या नाकात झेंडू

आमच्या गारखेड्याच्या गल्लीत ती गाडी वळवायची म्हणजे आजही शेजाऱ्यांना कुंड्या उचलाव्या लागतात. लांबलचक, काळी, जर्मन. कुणीतरी हौसेनं वापरून विकलेली आणि मी त्याहून जास्त हौसेनं घेतलेली. इंजिनाला दोन टर्बो. टर्बो म्हणजे काय, हे मी पाहुण्यांना इतक्यांदा समजावलंय, की मी ‘इंजिनातून जो गरम धूर निघतो’ असं सुरू केलं की बायको कपबशा घेऊन आत जाते. त्या धुरावरच एक छोटा पंखा फिरतो, पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त, तसा जोर जास्त. बस्स, एवढंच मला येतं. पण जोर खरा. पहिल्यांदा मोकळ्या रस्त्यावर मी पाय दाबला, तेव्हा मागच्या सीटवरून आई ओरडली, “अरं हळू! मी हितं आले, माझं जेवण मागंच ऱ्हायलं!”

जोर मोठा तसा नखराही मोठा. एकदा बोटाएवढा रबरी पाइप चिरला. तो बदलायला सर्व्हिस सेंटरवाल्यांनी बंपर काढला, दिवे काढले, अख्खं तोंडच उतरवून जमिनीवर मांडलं. आईचा जन्म फुलंब्रीच्या शेतात गेलेला. ती ते बघून म्हणाली, “म्हंजी बैलाच्या कानातली गोचीड काढायची, तर आधी कातडं सोलायचं व्हय?” सर्व्हिस सेंटरच्या टायवाल्या साहेबाला हसावं की रागवावं ते कळेना. मला कळत होतं; मी रडवेला झालो होतो.

त्या वर्षी माझी लेक इंजिनिअर होऊन घरी बसली होती. अर्ज चालले होते, उत्तरं येत नव्हती. हळूहळू ती पाहुणे आले की बाहेरच्या खोलीत येईनाशी झाली. ‘काय मग, कुठं लागलीस?’ हे ऐकायला लागू नये म्हणून. अशात शेंद्र्याच्या एका कारखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाला. उशीर झाला तर आत घेणार नाही, असं बजावलेलं. ती म्हणाली, “मी स्कूटीवर जाते.” मी म्हणालो, “घरात दोन टर्बो असताना?”

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. आईनं फुलंब्रीहून झेंडू मागवला आणि मनगटाएवढा जाड हार स्वतः ओवला. शेतावरच्या आमच्या ट्रॅक्टरला ती दरसाल घालते तस्साच, पुढच्या जाळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत. हार आपण उतरवायचा नाही, वाळेपर्यंत राहू द्यायचा, हा तिचा नेम. दुसऱ्या दिवशी निघताना तिनं तांब्याभर पाणी आणून तो चांगला भिजवला. “नातीच्या कामाला चाललाय. टवटवीत दिसाया पायजे.” मग लेकीच्या हातावर दही ठेवलं आणि स्वतःही मागं येऊन बसली.

जालना रोडला लागेपर्यंत सगळं झकास. पुढं एक मालट्रक आडवा-तिडवा चालला होता. मी लेकीला म्हटलं, “आता बघ,” आणि पाय पूर्ण दाबला. गाडी उसळली, ट्रक मागं पडला आणि तेवढ्यात स्टिअरिंगमागं इंजिनाचा पिवळा दिवा लागला. जोर गेला. पाय दाबतोय, गाडी ऐकत नाही. मागं पडलेला ट्रक हॉर्न मारत पुढं निघून गेला. त्याच्यामागून एक भाजीची रिक्षाही.

“थांबवतो,” मी म्हणालो. “सर्व्हिस सेंटरला फोन करतो.”

“बाबा, थांबू नका!” लेकीचा आवाज चिरकला. “लाल दिवा नाहीये. गाडी स्वतःला जपतेय. टर्बोचा जोर काढून घेतलाय तिनं, बाकी इंजिन चालतंय. हळू चालवा, पण चालवा.”

“आणि बिघडलं तर?”

“तर मी उतरून पळेन.”

मी चालवत राहिलो. डाव्या कडेनं, बैलगाडीच्या अदबीनं. घामानं माझा शर्ट पाठीला चिकटला होता. लेक घड्याळाकडं बघत नव्हती, म्हणजे फार बघावंसं वाटत होतं. मागून आई म्हणाली, “आजच नीट चालवतोयस बघ. जेवण जागेवर हाय.” लेक खुदकन हसली. त्या हसण्याचं मोल मला आज कळतं. तेव्हा मी फक्त ‘आई, गप’ म्हणालो.

कारखान्याच्या गेटवर पोचलो तर मालाच्या ट्रकांची ही रांग! दहा वाजायला आलेले. तेवढ्यात वॉचमननं आम्हाला पाहिलं. काळी गाडी, तोंडभर हार, आणि मिरवणुकीसारखी संथ चाल. त्याला वाटलं असावं, कुणी मोठे साहेब पूजेला आले. त्यानं ट्रक बाजूला घ्यायला लावले, आडवा बांबू वर केला आणि खाडकन सलाम ठोकला. सलामाला काय करायचं ते मला सुचेना, म्हणून मीही ठोकला. आईनं मात्र काच खाली करून पदरातून आपट्याची पानं काढली. “घे लेका, सोनं.” त्यानं पानं कपाळाला लावली. लेक आतल्या दारातून शिरली, तेव्हा दहाला मिनिटभर असेल नसेल.

दुपारी सर्व्हिस सेंटरमध्ये टायवाल्या साहेबानं एअर फिल्टरचं झाकण उघडलं. आत ओल्या झेंडूच्या पाकळ्यांचा चिखल, वर दसऱ्याची हळद. ट्रॅक्टर हवा घेतो वरच्या नळीतून; ही बया घेत होती पुढच्या जाळीमागून, नेमकी हारामागून. श्वास कोंडलेला असतानाही ती आम्हाला शेंद्र्यापर्यंत घेऊन गेली होती.

“सर, हे काय आहे?” साहेबानं विचारलं.

“प्रसाद,” मी म्हणालो. खोटं नव्हतं ते.

लेकीला नोकरी लागली. आता ती कंपनीच्या बसनं जाते आणि पाहुणे आले की आधी तीच दार उघडते. गेल्या दसऱ्याला आई हार घेऊन गाडीपाशी थांबली. मी ‘इंजिनातून जो गरम धूर’ म्हणेपर्यंत तिनं मला ओलांडून लेकीला हाक मारली, “बाई, ये गं. हिचं नाक कुठं हाय, ते दाव आधी.”

लेकीनं बॉनेट उघडून बोट ठेवलं. आईनं वाकून नीट पाहिलं, तिथं कुंकवाचं एवढंसं बोट लावलं आणि हार नेऊन मागच्या काचेवर बांधला. मी ताट धरून उभा होतो.