वाजतगाजत आलेलं पाणी

पाऊस आला की गाव आडोशाला पळायचं आणि आमची सडकआत्या खोरं घेऊन तेलगावच्या रस्त्यावर यायची. डोक्यावर पोत्याची खोळ, लुगडं खोचलेलं, आणि डांबरावरून धावणाऱ्या पाण्याला दटावणी, "तिकडं कुठं निघालंस बे? इकडं वळ!" चौकातल्या हवालदारानंही असा तोरा मिरवला नसेल. एसटीचे ड्रायव्हर गाडी हळू करून तिला सलाम ठोकायचे.

हा थाट उगाच नव्हता. पूर्वी शिमगा आला की तिची विहीर आटायची. रोज सकाळी ती आत खडा टाकून कान द्यायची. 'टक्' वाजलं की तिला मोसंबीच्या बागेकडे बघवायचं नाही. एका उन्हाळ्यात अर्धी बाग वाळली. उरलेली जगवायची, एवढाच तिचा ध्यास.

शेजारी बापूरावांचं रान. रस्ता उंच झाल्यापासून त्याच्या खालच्या मोरीतलं सगळं पाणी त्यांच्या कापसात घुसायचं, माती ओढून न्यायचं. बापूराव पावसाळाभर त्याला शिव्या घालायचे. आत्या म्हणाली, "भाऊजी, ते पाणी मला द्या. चर खणून विहिरीकडं नेते."

झालं! बापूरावांना संशय आला. "वहिनी रस्त्याचं पाणी मागतीय कावून? यात लई मोठा डाव हाय. थेंब देणार न्हाई!" त्यांनी बांध घालून पाणी रानातच अडवलं. कापूस पिवळा पडला, तेव्हा स्वतःच आले.

"वहिनी, न्या ती पीडा."

"पीडा? असं न्हाई चालायचं," आत्यानं पदर सावरला. "लेक देताय, वाजतगाजत द्या!"

चर मी आणि आत्यानं खणला. विहिरीच्या अलीकडे दगड-वाळूचा शोषखड्डा केला, म्हणजे गाळ वर राहील आणि पाणी जमिनीत मुरेल. मग हलगी कडाडली. बापूरावांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ वाढवला आणि बांध फोडला. पाणी चरातून पळत सुटलं, तसे ते दांडगे बापूराव दोन पावलं त्याच्यामागे गेले. "नीट नांद गं माय," म्हणाले.

पुढच्या शिमग्याला खडा 'डुबुक' वाजला. बाग तगली. आत्यानं गावभर मोसंबी वाटली, "सडकंची हाय, डांबराचा वास येतो का बघा!"

आता आत्या नाही. खोरं माझ्याकडे आलंय. तोरा मात्र जमत नाही. परवा भर उन्हात बापूराव विहिरीवर आले, खडा टाकला, कान दिला.

डुबुक!

मिशीवरून हात फिरवत त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय बे, नांदतीय ना आमची लेक?"