घोंगडीवर बोलायचं नाही

मला कुत्री नको होती, मला आबा हवे होते. आई गेली, पाठोपाठ आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि अजिंठ्याच्या पलीकडच्या आमच्या गावात त्यांना एकटं ठेवायचं मला धाडस होईना. मी शहरात एकटीच राहते. पुंडलिकनगरात छोटं घर आहे, पुढं थोडं अंगण, आणि शाळेत गणित शिकवते. आबा म्हणजे माझे वडील यायला तयार झाले, पण एका अटीवर. कुत्री सोबत येणार. मी म्हटलं, येऊ द्या. एक माणूस आणि एक जनावर वाढल्यानं काय मोठं बिघडणार आहे? हा माझा हिशोब पहिल्याच आठवड्यात चुकला.

कुत्री कारवान जातीची. आपल्याकडचं जुनं शिकारी कुत्रं. लांब तोंड, खोल छाती आणि पोट असं आत गेलेलं, की शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी फाटकातून विचारलं, "मॅडम, हिला खायला नाय का देत वो तुम्ही?" दोन भाकरी, दूध आणि वर अंडं खाऊनसुद्धा ती तशीच दिसायची. आबांच्या तरुणपणी ही कुत्री सोडून ससे धरत. पुढं शिकार बंद झाली, कायद्यानं झाली तशी आबांच्या मनातूनही उतरली. पण कुत्र्यांचा वंश मात्र त्यांनी टिकवला. ही त्यातली शेवटची. शिकार बंद झाल्याचं तिच्या पायांना मात्र कुणी कळवलं नव्हतं.

पहिल्या महिन्यात तिनं एक उशी, दोन चपला आणि सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा अख्खा गठ्ठा फाडला. कुत्रीनं पेपर खाल्ले हे मुख्याध्यापकांना सांगताना माझा जो चेहरा झाला असेल, तसा चेहरा करून उभ्या राहणाऱ्या पोरांना मी आजवर वर्गाबाहेर काढत आले होते. घरी येऊन मी आबांवर चिडले. आबा शांतपणे म्हणाले, "तिला फिरवती तू. तिला फिरवायचं नसतं बाई, पळवायचं असतं."

मग मी शिकवायला घेतलं. शिकवणं हा माझा धंदाच आहे, साठ पोरांचा वर्ग नुसत्या आवाजानं गप्प करते, त्यात एका कुत्रीची काय कथा! मोबाइलवर व्हिडिओ बघितले, खिशात बिस्किटं घेतली आणि गुलमंडीच्या बाजारातून छान लाल पट्टा आणला. रोज पहाटे मैदानावर आमचा तास. बस म्हटलं की बसायचं, थांब म्हटलं की थांबायचं. ती माझ्याकडे बघायची, बिस्किटाकडेही बघायची, आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मांजर हललं की बिस्किट, मी आणि व्हिडिओ तिघंही तिच्या लेखी संपायचो. चौथ्या दिवशी तिनं मान खाली घालून नुसती मागं ओढली आणि पट्टा माझ्या हातात राहिला. या कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं, साधा पट्टा सरळ निसटतो. आबा हे ऐकून खूप दिवसांनी हसले. "मला इचारायचं नाय व्हय? आन् बसायचं कशाला शिकवती? बसायला जल्मली का ती?"

त्या दिवशी ती दोन तासांनी आपली आपण घरी आली. शेपूट हलवत, जीभ बाहेर, अगदी खुशीत. मी फाटकातच तिला असं झापलं की काकू बाहेर येऊन बघायला लागल्या. जीव टांगणीला लागला होता, ते असं बाहेर पडलं. माझं सगळंच असं बाहेर पडतं. आईला ताप आला तरी मी आधी तिच्यावर ओरडायचे, भिजलीस कशाला म्हणून.

दुसऱ्या दिवशी आबांनी मोच्याकडून चार बोटं रुंद चामड्याचा पट्टा करून घेतला आणि संध्याकाळी अंगणात आपली काळी घोंगडी अंथरली. ही घोंगडी माझ्या आठवणीच्याही आधीची. लोकरीचा, भाकरीचा आणि तंबाखूचा मिळून तिला एक वास आहे. आबांनी तिच्यावर दुधात कुस्करलेल्या भाकरीचं ताट ठेवलं आणि हाक न मारता बसून राहिले. कुत्री आली, जेवली, तिथंच आडवी झाली. रोज हेच. मी विचारलं, यात शिक्षण कुठलं आलं?

तेव्हा त्यांनी सांगितलं. शिकारीला गेल्यावर कुत्रं जिथून सोडायचं तिथं माणूस आपली घोंगडी टाकायचा. कुत्रं सशामागं कुठल्या कुठं जायचं, दोन-दोन शिवारं ओलांडायचं. त्याच्यामागं धावून उपयोग नसतो आणि हाका तर त्याला ऐकूच येत नाहीत. माणसानं घोंगडीपाशी बसायचं, नाहीतर ती तिथंच ठेवून घरी जायचं. दम संपला की कुत्रं वासावर माघारी येतं आणि घोंगडीवर बसून राहतं. "फकस्त एक नेम पाळायचा," आबा म्हणाले. "घोंगडीवर आलेल्या कुत्र्याला बोलायचं नाय. काय बी करून येऊ दे. कोंबडी मारून येऊ दे, रक्तानं भरून येऊ दे. घोंगडीवर बोलायचं नाय."

मला ते पटलं, निदान डोक्याला पटलं. दर रविवारी आम्ही तिघं ओळखीच्या रिक्षानं बीड बायपास ओलांडून शहरालगतच्या सातारा गावाच्या डोंगरांखाली जायचो. तिथं प्लॉट पाडून ठेवलेली मोकळी जमीन आहे, मैलभर नुसतं गवत. आबा घोंगडी टाकायचे, पट्टा सोडायचे. ती पळायला लागली की मी बघतच राहायचे. चारी पाय एकदम जमिनीच्या वर असायचे आणि सगळं अंग कमानीसारखं वाकून सुटायचं. माझ्या उशा फाडणारी हीच का ती, असं वाटायचं. अर्ध्या तासानं धापा टाकत यायची आणि घोंगडीवर अंग टाकायची. घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत मेल्यासारखी झोपायची. पेपर, चपला, उशा सगळं वाचलं. सहा रविवार असे सुखात गेले.

सातव्या रविवारी तिथं एकाच्या शेळ्या चरत होत्या. कुत्री कळपात शिरली. कुणाला चावली नाही, पण शेळ्या उधळून बायपासच्या दिशेनं पळाल्या. मी त्या माणसाची हात जोडून माफी मागितली, त्याच्याबरोबर साडी वर खोचून शेळ्या वळवल्या, पायात काटे भरले. परत आले तर बाईसाहेब घोंगडीवर बसलेल्या, आबांच्या शेजारी. माझा तोल गेला. मी घोंगडीवर जाऊन तिचा कान धरला, दोन ठेवून दिल्या आणि वर्गातल्या आवाजात तिला काय काय बोलले ते आता लिहवत नाही. ती जमिनीला चिकटली. डोळे असे बारीक करून घेतले तिनं.

आबांनी आयुष्यात माझ्यावर आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. घोंगडी झटकत म्हणाले, "खराब केलीस तू ही."

त्यांचं म्हणणं खरं निघालं. पुढच्या रविवारपासून मी घोंगडीजवळ असले की ती चाळीस पावलांवर थांबायची. मी लांब रिक्षात जाऊन बसले की मग आबांकडे जायची. मला अपराधी वाटत होतं, आणि अपराधी वाटलं की मी आणखी चिडते. एका संध्याकाळी म्हणून गेले, "आता पुन्हा सुटली ना, तर गावाकडं पाठवून देईन." आबा अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. म्हणाले, "मग दोन तिकिटं काढ." ते थट्टा करत नव्हते. त्या बंद घरात, तो गुडघा घेऊन, दवाखाना इतक्या लांब असताना ते खरंच एकटे राहिले असते. आणि मी इथं पुन्हा एकाच माणसाचा स्वयंपाक केला असता.

सुटली ती नळाच्या दिवशी. आमच्या भागात नळ आठवड्यानं येतो, कधी त्याहून उशिरा, आणि येतो तेव्हा सगळी गल्ली हातातलं टाकून धावते. काकूंच्या नळाला दाब कमी, म्हणून माझी टाकी भरली की माझ्या नळाचा पाइप फाटकातून त्यांच्याकडे जातो. पाइप आडवा आला की फाटक लागत नाही. म्हणून नळाच्या दिवशी कुत्रीला आत बांधायचं हे ठरलेलं होतं, आणि बांधायचं काम माझं होतं. त्या दिवशी सकाळी सातलाच पाणी आलं. मी मोटार लावली, टाकीवर चढले, पाइप ओढला. बांधायचं राहून गेलं. काकू ओरडल्या, "मॅडम, गेली वो तुमची कुत्री! लई जोरात गेली!"

मी चप्पल घालत आबांना म्हटलं, "गल्लीत बघते." ते म्हणाले, "गल्लीत काय ठिवलंय? तिला पळायची एकच जागा ठाव हाय." ती जागा बायपासच्या पलीकडं होती. ट्रकचा विचार आम्हा दोघांच्याही मनात एकदमच आला असणार. स्कूटीवर बसणं आबांना जमत नव्हतं, आणि ती माघारी आली तर घरी कुणीतरी हवं होतं. त्यांनी घोंगडीची घडी करून, आत पट्टा ठेवून माझ्या हातात दिली. "हाका मारू नको," एवढंच म्हणाले. "तुझी हाक म्हंजी तिला राग वाटती."

बायपास ओलांडताना रस्त्याच्या कडेला बघायला मी घाबरत होते आणि बघतही होते. कडेला काही नव्हतं. आमच्या नेहमीच्या जागी घोंगडी अंथरली, शाळेत फोन करून येत नाही म्हणून सांगितलं, आणि बसले. थंडीचे दिवस होते, ऊन चांगलं वाटत होतं. आठ वाजले, नऊ वाजले. हाक घशापर्यंत येत होती. मी पदराचं टोक तोंडात धरून बसले, अगदी खरंच. नुसतं बसून राहणं मला कधी जमलेलं नाही. आईच्या शेवटच्या दिवसांतही मी दवाखान्यात सगळ्यांशी भांडत फिरले, तिच्या उशाशी बसले नाही. हे तिथं गवतात बसल्यावर आठवलं आणि रडू आलं. रडायला मात्र आवाज लागत नाही, तेवढं बरं.

दहाच्या पुढं कधीतरी ती दिसली. बांधाच्या वर उभी होती, एक पाय किंचित उचललेला. जिवंत होती! माझ्या तोंडात सगळं गोळा झालं. कुठं गेली होतीस, ट्रकखाली आली असतीस म्हणजे, म्हाताऱ्याचा तरी विचार करायचा. मी खाली मान घातली आणि घोंगडीच्या दशा मोजायला लागले. ती आली, चाळीस पावलांवर थांबली. मोजून चाळीस नसतील, पण मला तितकीच वाटली. तिथं ती बसलीसुद्धा. मी अठ्ठावन्न दशा मोजल्या, मग दुसऱ्या बाजूच्या मोजल्या. मग नखांचा आवाज आला, दगडावर. घोंगडीचं लांबचं टोक दबलं. बराच वेळ ती त्या टोकावरच होती. मी हलले नाही. शेवटी तिनं तोंड पुढं केलं आणि माझ्या पावलावर ठेवलं, काट्यानं सुजलेल्या पंजासकट सगळं अंग सैल सोडून. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. पट्टा घातला, काटा काढला, आणि आबांना फोन केला. "आली," म्हटलं.

तिला स्कूटीवर आणणं शक्य नव्हतं. स्कूटी तिथंच ठेवली आणि आम्ही दोघी रिक्षानं आलो. काकू फाटकातच होत्या, पाइप गुंडाळून ठेवलेला. आबांनी घोंगडी माझ्याकडून घेतली आणि अंगणात तिच्या जागी अंथरली. कुत्री पाणी पिऊन तिच्यावर आडवी झाली. तेव्हा मला दाराआड बॅग दिसली. भरलेली. वर गोळ्यांचा डबा, बाजूला काठी. मी येईपर्यंत या माणसानं धोतरं घडी करून भरली होती.

मी फिरले. सकाळपासून गिळलेलं सगळं एकदम वर आलं. "आबा, ही बॅग..."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग भिंतीला हात धरला आणि खाली बसायला लागले. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला सक्त मनाई केली होती. गुडघा ताठ पुढं काढत, ओठ घट्ट मिटून ते कसेबसे घोंगडीवर टेकले, कुत्रीच्या शेजारी. पाठ भिंतीला लावली.

"हं, आता बोल," म्हणाले.

मी काहीच बोलले नाही. आत जाऊन बॅग उघडली आणि धोतरं कपाटात लावली. मग त्यांना उठवायला काकूंना हाक मारली, कारण ते एकटीचं काम नव्हतं.